बासष्टचे सेहेचाळीस कसे झाले: पाचवीच्या एका वर्गाच्या गणिताच्या गुणांचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

शाळा सोलापूरच्या पूर्व भागातली, मराठी माध्यमाची. खिडकी उघडी असली की बाजूच्या गल्लीतल्या यंत्रमागांचा खटखटाट वर्गात येतो, आणि सवय नसलेल्या माणसाला पहिला अर्धा तास शिक्षकांचं बोलणं नीट ऐकूही येत नाही. जून २०२४ मध्ये पाचवीच्या पटावर ३१ मुलं होती. त्यातल्या १९ मुलांच्या घरी तेलुगू बोलतात, चौघांच्या घरी कन्नड, बाकीच्यांच्या घरी मराठी. वडील मागावर किंवा टॉवेलच्या कारखान्यात. आई बहुतेक घरांत विड्या वळणारी. मुलं वर्गात मराठी बोलतात आणि मधल्या सुट्टीत जिन्यावर पोचेपर्यंत तेलुगूत शिरलेली असतात.

मी साधनव्यक्ती म्हणून, म्हणजे शिक्षकांना प्रशिक्षण आणि मदत देण्यासाठी, या शाळेत जात असे. मुख्याध्यापिकांना इथे सगळे म्हणतात तसं मोठ्या बाई म्हणतो आणि वर्गशिक्षकांना नुसतं सर. मुलांची नावं बदललेली आहेत.

ज्या कसोट्यांवरून हे सगळं घडलं, त्या शिक्षकांच्या चांगल्या परिचयाच्या आहेत. स्टार्स या सरकारी शिक्षण प्रकल्पात २०२३-२४ पासून राज्यात नियतकालिक मूल्यांकन चाचण्या सुरू झाल्या. वर्षात तीन: सुरुवातीला पायाभूत, पहिल्या सत्राअखेर संकलित १, वर्षाअखेर संकलित २. प्रथम भाषा, गणित आणि इंग्रजी हे विषय. प्रश्नपत्रिका राज्याकडून येते, तपासणी शाळेत होते, गुण ऑनलाइन भरायचे. यात एक गोष्ट सगळ्यांना माहीत असते आणि तक्ता समोर आला की सगळेच ती विसरतात. पायाभूत चाचणी मागच्या इयत्तेच्या अध्ययन निष्पत्तींवर, म्हणजे त्या इयत्तेत मुलाला जे यायला हवं त्यावर असते, संकलित १ चालू इयत्तेच्या पहिल्या सत्रावर. म्हणजे जुलैत ही मुलं चौथीच्या गणितावर तपासली गेली आणि ऑक्टोबरात पाचवीच्या.

अडचण

दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या शिक्षण परिषदेत प्रत्येक शाळेनं आपापला तक्ता आणला होता. या शाळेच्या तक्त्यात पाचवी गणिताच्या ओळीत दोन आकडे होते: पायाभूत ६२ टक्के, संकलित १ ला ४६ टक्के. शेजारी लाल बाण, खाली तोंड केलेला. तो बाण मोठ्या बाईंनी स्वतःच एक्सेलमध्ये टाकला होता. पुढं पडद्यावर तो केवढा दिसेल, याचा अंदाज त्यांना आला नव्हता.

परिषदेत एकानं आणखी एक आकडा काढला, राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणातला जिल्ह्याचा पाचवी गणिताचा, आणि विचारलं, "जिल्हा इथं, तुम्ही तिथं, असं का?" खरं तर हा प्रश्न विचारताच येत नाही. ते सर्वेक्षण १२ नोव्हेंबर २०२१ ला झालं, तिसरी, पाचवी, आठवी आणि दहावीच्या मुलांचं, निवडक शाळांतल्या निवडक मुलांचं. जिल्ह्याचं, राज्याचं चित्र कळावं म्हणून ते असतं. एका शाळेबद्दल किंवा एका मुलाबद्दल ते काही सांगत नाही. प्रश्न वेगळे, वर्ष वेगळं, मुलं तर वेगळीच. तेव्हाची पाचवीची मुलं परिषदेच्या वेळी आठवीत होती. पण दोन्ही आकड्यांच्या शेवटी टक्क्याची खूण असली की ते एकाच पट्टीवरचे वाटतात. मीही त्या खोलीत होतो आणि गप्प बसलो, हेही नोंदवून ठेवतो.

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंनी ४० टक्क्यांखालच्या १४ मुलांची यादी काढली. शाळा सुटल्यावर पाऊण तास त्यांचा जादा वर्ग, पालकांना बोलावणं, दर शनिवारी सरावपत्रिका, असं ठरलं. यादी कार्यालयाच्या दारावर लागली.

मी गेलो तेव्हा सर त्या यादीसमोरच उभे होते. पहिल्या नावावर बोट ठेवून म्हणाले, "ही बघा ओ. भाग्यश्री. जुलैला ब्याऐंशी टक्के. आता शून्य. शून्य कसं पडंल?"

"कसं पडलं?"

"तिरुपतीला गेलती की घरची सगळी. पेपरच दिला नाही तिनं."

समोर असलेले पर्याय

मोठ्या बाई, सर आणि मी अशा तिघांनी बसून बोललो तेव्हा चार रस्ते दिसत होते.

पहिला, खुलासा लिहून मोकळं व्हायचं: चार मुलं गैरहजर होती, प्रश्नपत्रिका कठीण होती, पुढच्या वेळी सुधारणा करू. हे खोटं नव्हतं. पण यातून वर्गात काहीच बदलणार नव्हतं.

दुसरा, लावलेली यादी चालू ठेवायची. मोठ्या बाईंचा कल इकडे होता, आणि त्यांची बाजू मला पटण्यासारखी होती. "काहीतरी चाललंय हे दिसलं पाहिजे ना सर," त्या म्हणाल्या. शाळेच्या प्रमुखावर तक्त्यातल्या बाणाचं जे ओझं असतं, ते बाहेरून आलेल्या माणसाला चटकन कळत नाही.

तिसरा, संकलित १ चीच प्रश्नपत्रिका पुन्हा पुन्हा सोडवून घ्यायची. हा आम्ही पाच मिनिटांत सोडला. त्यानं ती पत्रिका सोडवता आली असती, गणित नाही.

चौथा, उत्तरपत्रिकांचा गठ्ठा कपाटातून काढायचा आणि कोण कुठे चुकलं ते प्रश्नाप्रश्नानं बघायचं. याला वेळ लागणार होता. त्यात २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान, सरांना निवडणुकीची ड्युटी, तिचं प्रशिक्षण. तरी हाच रस्ता धरायचा ठरलं, पण जादा वर्ग बंद न करता. मोठ्या बाईंना दाखवायला काहीतरी हवं होतं आणि आम्हाला दोन आठवडे हवे होते, अशी ती तडजोड.

पहिला निर्णय: आकडा आधी धुऊन घेणं

उत्तरपत्रिकांच्या आधी आम्ही एक्सेल उघडलं. ऑक्टोबरात पट ३३ होता, कारण दिवाळीआधी दोन मुलं नव्यानं दाखल झाली होती. पेपर दिला २९ जणांनी. चार गैरहजरांच्या रकान्यात शून्य भरलेलं होतं. तक्ता करताना रिकामा रकाना बरा दिसत नाही म्हणून, आणि ही चूक शाळेचीच होती. ती चार शून्यं काढली आणि सरासरी ४६ वरून थेट ५२ च्या वर गेली.

मग ती दोन नवी मुलं बाजूला ठेवली. त्यांना जुलैची चाचणी नव्हतीच, तेव्हा त्यांची तुलना कशाशी करणार? दोन्ही चाचण्या दिलेली मुलं उरली २७. त्यांची जुलैची सरासरी ६१, ऑक्टोबरची ५४.६. म्हणजे परिषदेत दिसलेली सोळा टक्क्यांची घसरण प्रत्यक्षात सहा-साडेसहाची होती, आणि तीही चौथीच्या प्रश्नांवरून पाचवीच्या प्रश्नांवर आल्यावरची. सोळातला मोठा वाटा तक्त्यानं केला होता.

यादीचंही तेच. चौदातली चार नावं गैरहजरांची, आणि ती चौघं जुलैत वर्गाच्या सरासरीच्या वरच होती. दोन नवी मुलं. उरली आठ. जुलैत ४० च्या खाली होती सात. दोन्ही याद्यांत सामाईक नावं पाचच. जुलैतल्या सातांपैकी दोघं आता वर होती आणि तीन नवी नावं खाली आली होती. सर म्हणाले, "ही तिघं माझ्या वर्गातली आहेत ती तशीच आहेत, काही बिघडली नाहीत." बरोबर होतं त्यांचं. ज्याला साधारण निम्मे प्रश्न येतात असा मुलगा तीस एकगुणी प्रश्नांच्या दोन सारख्याच पत्रिका सोडवेल, तेव्हा त्याच्या गुणांत नुसत्या योगायोगानं दोन-तीन गुणांचा फरक पडणं अगदी साधी गोष्ट आहे. त्या दिवशी कोणतं उदाहरण आलं, चार पर्यायांपैकी अंदाजानं कोणता टिपला, पोट दुखत होतं का, असलंच काहीतरी. टक्क्यांत सांगायचं तर हा फरक सात ते दहाचा होतो. मग ३८ वाला यादीत आणि ४२ वाला बाहेर, ही रेघ कोणत्या भरवशावर ओढायची?

यादी दारावरून काढली. मोठ्या बाईंनी स्वतः काढली आणि घडी करून पर्समध्ये ठेवली. भाग्यश्रीच्या आईला निरोप गेलेला होताच. ती दुपारी आली, विड्यांचं सूप सोडून आल्यानं घाईत होती. सगळं ऐकून घेतल्यावर तिचा एकच प्रश्न होता: "म्हंजे पोरगी पास हाय की नाय?"

दुसरा निर्णय: उत्तरपत्रिकांतली चूक कोणती ते बघणं

चौकटीच्या कागदावर उभ्यात २९ मुलं, आडव्यात प्रश्न. बरोबरला टिंब, चुकल्याला काट, सोडून दिल्याला रिकामं घर. दोन तास लागले. टिंबांचा कागद हातात धरून थोडा लांबून बघितला की एक उभा पट्टा काट्यांनी भरलेला दिसत होता: शाब्दिक उदाहरणं.

हातच्याची वजाबाकी नुसती मांडून दिलेली होती, ती २९ पैकी २२ जणांनी बरोबर केली होती. तीच वजाबाकी वाक्यांत गुंडाळून आली तिथं बरोबर होती नऊ. चाचणीतला प्रश्न इथे देत नाही, पण त्या धर्तीचा आम्ही नंतर वापरलेला प्रश्न असा:

"एका कारखान्यात दुपारपर्यंत ३४८ टॉवेल तयार झाले. संध्याकाळपर्यंत एकूण ७२५ टॉवेल तयार झाले. तर दुपारनंतर किती टॉवेल तयार झाले?"

वीस मुलांचं इथं चुकत होतं. त्यातल्या बऱ्याच जणांचं उत्तर एकच, १०७३. म्हणजे ३४८ आणि ७२५ ची बेरीज, आणि बेरीज अगदी बरोबर केलेली, हातचे नीट वर लिहून. एवढ्या मुलांचं चुकीचं उत्तर सारखंच आलं, तर ती धांदरटपणाची चूक नाही. त्यामागे एकच कुठला तरी विचार आहे.

तिसरा निर्णय, जो चुकला

मला उत्तर लगेच सापडलं, निदान मला तसं वाटलं. घरची भाषा तेलुगू, प्रश्न मराठीत, म्हणून शाब्दिक उदाहरणं अडतात. हे सोलापुरात कुणालाही पटेल. मला तर जास्तच पटलं, कारण भाषा आणि गणित यांवर मी चार ठिकाणी बोललो होतो. सरांनाही बरं वाटलं, कारण यात कुणाचा दोष निघत नव्हता.

डिसेंबरचे पहिले दहा दिवस मी सहा शाब्दिक उदाहरणं तेलुगूत करून घेण्यात घालवले. मुलांना तेलुगू लिपी येत नाही म्हणून ती देवनागरीत लिहिली. पत्रिका छापल्या, त्या वीस मुलांना दिल्या. फरक नगण्य. काही मुलांना तर आणखीच जड गेलं, कारण बोलीतली तेलुगू छापील अक्षरांत त्यांनी जन्मात वाचली नव्हती. एकानं पत्रिका परत देताना विचारलं, "सर, हे कुठल्या भाषेत आहे?"

माझा तर्क चूक नव्हता, अर्धा होता. पण मी त्याची परीक्षा न घेता थेट इलाज करायला गेलो.

चौथा निर्णय: एकेकाला समोर बसवणं

ऑस्ट्रेलियातल्या अॅन न्यूमन यांनी १९७० च्या दशकात शाब्दिक उदाहरणांतल्या चुका शोधायची एक साधी रीत मांडली होती. ती मी प्रशिक्षणात शिकवली होती, वापरली मात्र कधी नव्हती. मुलाला पाच गोष्टी विचारायच्या. वाचून दाखव. काय विचारलंय ते सांग. कसं करशील? करून दाखव. आता उत्तर लिही. जिथं अडतो, तिथं त्याची अडचण.

वीस मुलं, प्रत्येकी दहा-बारा मिनिटं, चार दिवस. तेलुगूसाठी मदतीला आल्या पोषण आहार शिजवणाऱ्या मावशी. खिचडी उतरवून, हात पुसत येऊन बसायच्या आणि मुलाला प्रश्न गोष्टीसारखा सांगायच्या. आमच्या पत्रिकेतल्या छापील तेलुगूपेक्षा त्यांचं "एन्नि?" मुलांना लगेच पोचायचं.

निघालं ते असं. पाच मुलं पहिल्याच पायरीवर अडली, त्यांना वाक्य सलग वाचता येत नव्हतं. सहा जण वाचत होते पण काय विचारलंय ते सांगू शकत नव्हते. या अकरांना मावशींनी किंवा सरांनी तोंडी सांगितलं तेव्हा आठ जणांनी रीत बरोबर सांगितली. म्हणजे भाषेचा तर्क इथवर खरा होता. दोघांचं सगळं बरोबर होतं, आकडेमोडच चुकत होती.

उरले सात. यांनी प्रश्न खडखडीत वाचला. टॉवेल किती, दुपार कधी, सगळं सांगितलं. मावशींनी तेलुगूत विचारलं तरी तेच, सरांनी मराठीत विचारलं तरी तेच. आणि "कसं करशील?" म्हटल्यावर चेहऱ्याकडे बघत म्हणाले, "बेरीज?" सातांतल्या तिघांच्या घरी मराठीच बोलतात.

नरेशला मी विचारलं, "बेरीज का रे?"

त्यानं मान वळवून भिंतीकडे बोट केलं. तिथं सरांनी रंगीत कार्डशीटवर सुरेख अक्षरांत तक्ता लावला होता: एकूण, सर्व मिळून म्हणजे बेरीज; उरले, शिल्लक, फरक म्हणजे वजाबाकी; प्रत्येकी, समान वाटणी म्हणजे भागाकार. प्रश्नात "एकूण" होतं. नरेशनं तक्त्याप्रमाणेच केलं होतं.

सर काही बोलले नाहीत. मीही नाही. कारण तो तक्ता सरांना मीच दोन वर्षांपूर्वीच्या एका प्रशिक्षणात दिला होता.

त्या पाचांतला एक

पहिल्या पायरीवर अडलेल्यांत दोन नव्यांपैकी एक होता. त्याचं कुटुंब कामासाठी तेलंगणात गेलं होतं, ते परत आलं. तो तिकडं तेलुगू माध्यमात शिकलेला, मराठी वाचायला नुकतंच लागलेला. पण त्याची नुसती आकडेमोडही चुकलेली दिसत होती, आणि सरांचं म्हणणं होतं की पोरगा हिशोबाला तरबेज आहे, दुकानात त्याला कुणी फसवत नाही. मी त्याला १४ लिहून वाचायला सांगितलं. तो म्हणाला, "नाइन्टी एट."

क्षणभर मला काही समजेना. मग त्याच्या बाजूनं कागद बघितला. तिकडं आकडे इंग्रजी. आपला १ त्याला इंग्रजी नऊसारखा दिसत होता आणि आपला ४ इंग्रजी आठासारखा. त्याची उत्तरपत्रिका पुन्हा काढून त्याच्या डोळ्यांनी वाचली, तर चुकलेल्या चार वजाबाक्यांतल्या तीन त्यानं वाचल्या तशा बिनचूक सोडवल्या होत्या. त्याच्या वीस टक्क्यांत गणित किती आणि आकड्यांचं वळण किती, हे त्या वीस या आकड्यातून कुणाला कधी कळलं असतं?

काय केलं

तक्ता उतरवला. फाडला नाही, उलटा करून परत लावला, आणि त्याच्या पाठीवर मुलांनीच तक्त्याला फसवणारी उदाहरणं लिहायला घेतली. "एकूण" असून वजाबाकी, "उरले" असून बेरीज. "माझ्याकडचे १५ रुपये खर्च झाले, ४० उरले, आधी किती होते?" हे भाग्यश्रीचं. या खेळात वर्ग रंगला, इतका की खाली खेळायला जायचं सोडून दोघं-तिघं खडू घेऊन तिथंच उभे राहायचे.

रोज वीस मिनिटं फक्त शाब्दिक उदाहरणं, पण पहिली दहा मिनिटं आकडेमोड बंद. प्रश्न वाचायचा, पुस्तक मिटायचं, गोष्ट आपल्या शब्दांत सांगायची. तेलुगूत सांगितली तरी चालेल, शेजाऱ्यानं मराठीत करायची. मग एक आडवी पट्टी काढायची, सगळे टॉवेल म्हणजे ही पट्टी, दुपारपर्यंतचे एवढे, आता राहिलेला तुकडा कोणता? त्यानंतर पेन्सिल. जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या दिवसांत हजेरी रोडावली, तेव्हा आलेल्या मुलांनी गड्ड्यातल्या पाळण्यांच्या आणि भजीच्या भावांची उदाहरणं केली.

न वाचणाऱ्या पाचांना जादा वर्गात गणित देणं थांबवलं. भाषेच्या बाईंनी त्यांना वाचनाला घेतलं. तेलंगणाहून आलेल्याच्या वहीच्या पहिल्या पानावर दोन्ही वळणांचे आकडे शेजारी शेजारी लिहून दिले. त्याला तीन आठवडे पुरले.

काय झालं

फेब्रुवारीअखेर आम्ही नवी सहा शाब्दिक उदाहरणं त्या वीस जणांना दिली. तेरा जणांची चार किंवा जास्त बरोबर आली. सातांच्या गटात सहा. पाच न वाचणाऱ्यांतले दोघं आता वाचतात, तिघं अजून अडखळतात.

एप्रिलमध्ये संकलित २ झाली. वर्गाची सरासरी ५७ आली. मोठ्या बाई तक्त्यात बावन्न ते सत्तावन्न असा हिरवा बाण टाकणार होत्या. त्यांना मीच थांबवलं, आणि ते त्यांना फारसं आवडलं नाही. पण प्रश्नपत्रिका पुन्हा वेगळी होती, अभ्यासक्रम वेगळा होता. ६२ वरून ४६ वर ज्या कारणानं विश्वास ठेवायचा नव्हता, त्याच कारणानं ५२ वरून ५७ वरही ठेवता येत नाही. मला भरवसा वाटतो तो त्या वीस पत्रिकांचा, आणि तोही जपूनच, कारण त्या आम्हीच काढल्या आणि आम्हीच तपासल्या.

परिषदेच्या तक्त्यात ४६ गेला तो गेलाच. तो दुरुस्त झाला की नाही, हे विचारायला कुणी गेलं नाही.

आता केलं तर वेगळं काय

दहा दिवस भाषांतरात घालवण्याआधी दोन मुलांना समोर बसवलं असतं, तरी भिंतीवरच्या तक्त्याची भानगड डिसेंबरच्या पहिल्याच आठवड्यात कळली असती. वीसही लागत नव्हती. चुकलेलं उत्तर १०७३ आहे हे हातात आल्यावर पुढचा प्रश्न मुलालाच विचारायला हवा होता, मी तो स्वतःला विचारला.

जुलैत आणि ऑक्टोबरात वर्गापुरते पाच-सहा प्रश्न तेच ठेवले असते, शाळेच्या स्वतःच्या कागदावर, तर मुलं खरंच मागं गेली का याचं काहीतरी उत्तर आमच्याकडे असतं. राज्याच्या पत्रिकांत आपण फेरफार करू शकत नाही, पण आपल्या सामाईक प्रश्नांना कुणी अडवत नाही. यंदा सरांनी तसे सहा ठेवलेत.

आकडेमोडीत अडलेल्या दोघांकडे आम्ही लक्षच दिलं नाही. सगळी धावपळ मोठ्या गटांमागे झाली. त्यातल्या मुलीला सातचा आणि आठचा पाढा येत नव्हता, एवढीच गोष्ट होती, आणि ती एप्रिलपर्यंत तशीच राहिली.

पालकांना यादी लागण्याआधी सांगायला हवं होतं, किंवा यादीच लावायला नको होती. एका वडिलांनी मागाहून मोबाइलवर खासगी क्लासच्या शिष्यवृत्ती सरावाचा निकाल दाखवला आणि म्हणाले, "तिथं अठ्ठ्याहत्तर, इथं एक्कावन्न, मास्तर चांगले कुठले?" शिष्यवृत्तीची पत्रिका बहुपर्यायी प्रश्नांची आणि वर्षभर घोटलेल्या नमुन्यांची, ही वेगळी, हे मी त्यांना समजावलं. ते ऐकून घेत होते, पण बघत होते मोबाइलकडेच.

सध्या

शाळेच्या एक्सेलमध्ये आता गैरहजर मुलाच्या रकान्यात "गै. ह." लिहितात. सरासरी काढताना एक्सेल असा रकाना आपोआप वगळतं. मोठ्या बाईंनी हे बाकीच्या वर्गशिक्षकांनाही सांगितलं, तेव्हा चौथीच्या आणि सातवीच्या तक्त्यांतही शून्यं निघाली.

सहावीच्या शिक्षकांकडे सरांनी जूनमध्ये एक कागद दिला. त्यावर वीस नावं, प्रत्येकासमोर तो कोणत्या पायरीवर अडत होता आणि आता कुठं आहे. टक्के लिहिलेले नाहीत. वाचनात अडखळणाऱ्या तिघांच्या नावांखाली रेघ आहे. त्यांतल्या एकाचं कुटुंब पुन्हा कामासाठी बाहेर गेलं आणि त्याचा दाखला न्यायला अजून कुणी आलेलं नाही.